पेशीचीं दारें आणि त्यांचें वजन

पालघरास माझ्याकडे माझा एक जुना विद्यार्थी अधूनमधून येतो. बोईसरच्या औद्योगिक वसाहतींत एका औषधाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेंत तो नोकरीस आहे. एके सायंकाळीं मी रक्तदाबाची गोळी घेत होतों. वेष्टनावरील ‘अटेनोलॉल’ हें नांव वाचून तो म्हणाला, “गुरुजी, हें औषध पेशीच्या आंत शिरून काम करीत नाहीं, तें दारावरच बसतें.” हीं दारें कसलीं, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या या दारांची घडण कशी कळते, हें त्यानें मला त्या दिवशीं समजावून दिलें. तेंच आज आपणांस सांगणार आहें.

आपल्या शरीरांतील प्रत्येक पेशीभोंवतीं स्निग्ध पदार्थाचा अत्यंत पातळ पडदा असतो. आंत पाणी, बाहेरही पाणी, आणि मध्यें हा तेलकट थर. त्यांतून मीठ किंवा साखर सहजासहजीं पार होत नाहीं. म्हणून त्या पडद्यांत प्रथिनांचीं दारें बसविलेलीं असतात. कांहीं दारें पोषक द्रव्यें आंत घेतात, कांहीं बाहेरचा निरोप आंत पोंचवितात. आजच्या औषधांपैकीं निम्म्याहून अधिक औषधें अशा पडद्यांतील प्रथिनांवरच काम करतात. रोगजंतूंच्या पडद्यांत तर असे पंप असतात, कीं आंत आलेलें औषध ते बाहेर फेंकून देतात. औषध चालेनासें होण्याचें तें एक कारण आहे. कुलपाची घडण कळली, तरच त्याला लागेल अशी किल्ली विचारपूर्वक घडवितां येते.

परंतु अडचण अशी, कीं हीं प्रथिनें तेलांत वाढलेलीं. पडद्यांतून काढून नुसत्या पाण्यांत टाकलीं, कीं त्यांची घडी बिघडते आणि तीं एकमेकांस चिकटून गोळा होतात. यावर उपाय साबणाचा. तेलकट भांडें घांसतांना साबण तेलाला वेढून घेतो, हें घरोघर ठाऊक आहे. तशाच सौम्य साबणाचे कण या प्रथिनाला वेढतात आणि त्या पांघरुणांत तें पाण्यांत तगून राहतें.

आतां वजनाकडे वळूं. ‘मास स्पेक्ट्रोमीटर’ हा रेणूंचा कांटा होय. बारीक सुईंतून, विजेचा मोठा दाब देऊन, द्रावणाचे तुषार उडवितात. थेंब सुकत जातात आणि विद्युद्भार घेतलेले रेणू निर्वात नळींत धांवूं लागतात. भार सारखा असेल, तर हलका रेणू आधीं पोंचतो, जड मागाहून; त्या वेळेवरून वजन काढतात. मोठे रेणू या तुषारांच्या पद्धतीनें मोजतां येतात, हें दाखविल्याबद्दल जॉन फेन यांना २००२ सालच्या नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला.

तरीही पडद्यांतील प्रथिन निर्वातांत टिकेल काय, ही शंका होतीच. २००८ सालीं केंब्रिजच्या कॅरोल रॉबिन्सन आणि त्यांचे सहकारी यांनीं ‘ई. कोलाय’ या जंतूचें, ब-१२ जीवनसत्त्व आंत घेणारें दार साबणासकट यंत्रांत सोडलें. वायूच्या कणांशीं टकरा होऊन साबण झडून गेला, परंतु चार भागांचें तें दार एकसंध राहिलें! अशा वजनांत औषधाच्या एका रेणूएवढी भर दिसली, कीं औषध त्याला चिकटलें असें समजावें.

तें कोठें चिकटलें, हें कळण्यास दुसरी युक्ति आहे, आणि तिचें साहित्य आम्हां पालघरकरांच्या परिचयाचें आहे. तारापूरच्या अणुवीजकेंद्राच्या १९६९ सालच्या पहिल्या दोन भट्ट्या साध्या पाण्याच्या. परंतु २००५ व २००६ सालीं सुरू झालेल्या पुढील दोन भट्ट्या जड पाण्याच्या आहेत. जड पाण्यांतील हायड्रोजनाचा अणु नेहमींच्या अणूच्या सुमारें दुप्पट वजनाचा असतो. प्रथिन कांहीं क्षण अशा पाण्यांत ठेवलें, कीं त्याचा जो भाग उघडा, तेथील हलके हायड्रोजन जाऊन जड येतात. जो भाग झांकलेला, तेथें ही अदलाबदल फार सावकाश होते. मग थंडी व आम्ल यांच्या साह्यानें ती थांबवून, पेप्सिन या जठरांतील पाचक द्रव्यानें प्रथिनाचे तुकडे करतात आणि एकेक तुकडा तोलतात. औषध नसतांना जड होणारा जो तुकडा औषध असतांना हलका राहिला, त्याच्या आसपास किल्ली बसली असावी. मात्र एवढ्यावरून संपूर्ण चित्र मिळत नाहीं. त्यासाठीं क्ष-किरण व इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शक यांचीही जोड घ्यावी लागते.

शेवटीं एक गोष्ट. रॉबिन्सनबाईंनीं सोळाव्या वर्षीं शाळा सोडली आणि इंग्लंडांतील एका औषध-कंपनीच्या प्रयोगशाळेंत त्या मदतनीस झाल्या. हा कांटा त्यांनीं प्रथम तेथेंच हाताळला. नोकरी करीत त्या शिकल्या, आणि पुढें २००१ सालीं केंब्रिज व २००९ सालीं ऑक्सफर्ड येथें रसायनशास्त्राच्या पहिल्या स्त्री-प्राध्यापक झाल्या.

हें ऐकून मी खालीं पाहिलें. शालान्त परीक्षा होतांच हा मुलगा कारखान्यांत निघाला, तेव्हां “तुझें शिक्षण आतां संपलें” असें मीच त्याला म्हणालों होतों. नोकरी सांभाळून त्यानें पदवी मिळविली, आणि त्या सायंकाळीं मलाच धडा दिला. आपल्या घरांतील एखादें मूल लवकर नोकरीस लागलें, तर माझें तें वाक्य, श्रोतेहो, आपण उच्चारूं नये.