हजारांश इंचाची शाळा

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज म्हणजे सहसा दोन वर्षांचे सार्वजनिक महाविद्यालय. इलिनॉय राज्यात जोलिएट येथे १९०१ साली सुरू झालेले महाविद्यालय त्यांतले पहिले मानले जाते. अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या उच्चशिक्षण आयोगाच्या १९४७च्या अहवालानंतर ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झाले. येथील बहुतेक अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी गुणांची चढाओढ नसते. नुकतीच शाळा संपवलेली मुलगी आणि कारखाना बंद पडल्यावर नवा हुन्नर शिकू पाहणारा पन्नाशीचा कामगार एकाच वर्गात असू शकतात. लेथ आणि मिलिंग यंत्रांवर धातू कापून अचूक भाग घडवायला शिकवणारा वर्गही असाच सर्वांना खुला असतो. मात्र तिथे माप कोणाचीच गय करत नाही.

या विद्येतली पहिली गोष्ट अशी, की कोणताही भाग तंतोतंत मापाचा होत नाही. म्हणून ड्रॉइंगवर मापाबरोबर किती फरक चालेल तेही लिहिलेले असते. या मुभेला ‘टॉलरन्स’ म्हणतात. २५ मिलिमीटर व्यासाच्या दांड्याला ०.०२ मिलिमीटर कमी-जास्तची मुभा असेल, तर २४.९८ ते २५.०२ पर्यंतचा दांडा चालतो. तो २५.०३ भरला तर पुन्हा कापता येतो; २४.९७ झाला तर भंगारात जातो. मुभा जितकी कमी, तितका वेळ आणि तपासणीचा खर्च जास्त. त्यामुळे अचूकता कुठे हवी आणि कुठे नको, हे ओळखणे हाही कौशल्याचाच भाग आहे.

अमेरिकन कारखान्यांत अजूनही इंचाचा वापर मोठा आहे. इंची मायक्रोमीटरच्या स्क्रूला एका इंचात ४० आटे असतात. एका फेऱ्यात तो ०.०२५ इंच सरकतो. फिरत्या नळीवर २५ खुणा असल्याने एक खूण म्हणजे हजारांश इंच, अर्थात २५.४ मायक्रॉन. आपल्या सुतारांचे एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग; त्यात असे १२५ हजारांश मावतात.

इतक्या बारीक मापात उष्णताही आड येते. मोजमापासाठी प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस ठरलेले आहे. १०० मिलिमीटर लांबीचा पोलादी तुकडा ५ अंशांनी तापला, तर सुमारे ६ मायक्रॉन वाढतो. यंत्रावरून नुकताच काढलेला गरम भाग मापात दिसतो, पण निवल्यावर तोच लहान ठरू शकतो.

शाळेत नकोसे वाटलेले गणितही इथे हाताला लागते. ‘साइन बार’ या साधनाच्या दोन रुळांमधले अंतर ५ इंच असते. ३० अंशांचा कोन हवा असेल, तर एका रुळाखाली २.५ इंच उंचीचे ठोकळे ठेवायचे, कारण ३० अंशांचा साइन ०.५ असतो. ज्याला त्रिकोणमिती कधी उमगली नाही, त्याला ती इथे डोळ्यांसमोर दिसते.

संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या यंत्रांचे मूळ १९५२ साली एमआयटीने दाखवलेल्या मिलिंग यंत्रात आहे. आज कारखान्यांत अशीच यंत्रे जास्त असतात, तरी अनेक महाविद्यालये सुरुवात हाताच्या लेथवरच करतात. हत्यार बोथट झाले की आवाज बदलतो, किसाचा रंग बदलतो, हँडल जड लागते. हे एकदा हाताला कळले, की पुढे संगणकाला कोणता वेग सांगायचा याचा अंदाज येतो.

आपल्याकडे १९५० पासून चालत आलेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेखाली आयटीआयमध्ये फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे व्यवसाय शिकवतात. तिथेही फिटरचा हात आधी कानशीवरच बसवतात. तरीही ‘मार्क कमी पडले म्हणून आयटीआयला टाकले’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. हात आणि डोके यांची वाटणी करणाऱ्या समाजाने हा अभ्यास एकदा जवळून पाहावा. भूमिती, धातूंचे गुणधर्म, उष्णतेचे शास्त्र आणि हाताचा सराव हे सारे त्यात एकत्र लागते. शिकणाऱ्याला आपले काम जमले की नाही, हे कळायला निकालाच्या दिवसाची वाट पाहावी लागत नाही. मायक्रोमीटर ते तिथल्या तिथे सांगतो, आणि चुकले असेल तर नवा तुकडा घेऊन पुन्हा सुरुवात करता येते.