आजीची पांढरी साडी फोटोत मळकट का दिसते? लाइट मीटर समजून घेऊया

पांढऱ्या भिंतीपुढे पांढऱ्या साडीतली आजी बसलीय. फोटो काढला की साडी मळकट आणि चेहरा काळवंडलेला. लग्नात काळ्या कोटातला नवरदेव जवळून टिपला की उलटं होतं, कोट करडा आणि चेहरा पांढराफटक. फोन तोच, प्रकाशही तेवढाच. मग असं का होतं? मेगापिक्सेलचा इथे काही संबंध नाही. गडबड आहे प्रकाश मोजण्यात, म्हणजेच लाइट मीटरमध्ये. आणि हो, तो तुमच्या फोनमध्येही आहे.

मीटर काय गृहीत धरतो?

कॅमेऱ्यातला मीटर वस्तूवरून परत आलेला प्रकाश मोजतो. याला परावर्तित मोजणी म्हणतात. अडचण अशी, की भरपूर प्रकाश परत आला तर वस्तू पांढरी आहे की ऊन कडक आहे, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. म्हणून मीटर एक गोष्ट धरून चालतो: समोरचं दृश्य सरासरी मधल्या राखाडी रंगाचं आहे. फोटोग्राफीत हा राखाडी म्हणजे साधारण १८ टक्के प्रकाश परत पाठवणारा पृष्ठभाग. मी सॉफ्टवेअरवाला असल्याने याला सरळ ‘डीफॉल्ट व्हॅल्यू’ म्हणतो.

मग पांढरी साडी दिसली की मीटरला वाटतं प्रकाश जास्त झाला, आणि तो फोटो गडद करतो. काळा कोट दिसला की उजळ करतो. खात्री करायची असेल तर आधी पांढरा कागद आणि मग काळा टी-शर्ट, दोन्हींचा फ्रेम भरून फोटो काढा. बऱ्याच फोनमध्ये दोन्ही रंग राखाडीकडे सरकलेले दिसतील. हल्लीचे फोन चेहरा ओळखून आणि एचडीआर वापरून बरंच सावरून घेतात, पण प्रत्येक वेळी नाही.

सगळ्यात सोपा उपाय

स्क्रीनवर चेहऱ्यावर टॅप करा. शेजारी सूर्याचं चिन्ह किंवा एक पट्टी येईल, ती वर-खाली सरकवा. दृश्यात पांढरं जास्त असेल तर वर, काळं जास्त असेल तर खाली. प्रो मोडमध्ये हेच काम ‘ईव्ही’ नावाने असतं. तिथे +१ म्हणजे एक स्टॉप, म्हणजेच दुप्पट प्रकाश. −१ म्हणजे निम्मा. पांढऱ्या साडीसाठी +१ पासून सुरुवात करून बघा. बोट दाबून ठेवलं की अनेक फोनमध्ये एक्स्पोजर लॉक होतं, मग प्रत्येक फोटोत उजेड बदलत नाही.

पडणारा प्रकाशच मोजला तर?

हातात धरायच्या लाइट मीटरवर एक छोटा पांढरा घुमट असतो. फोटोग्राफर तो माणसाच्या चेहऱ्याजवळ धरून कॅमेऱ्याच्या दिशेने वळवतात. इथे साडीवरून परत आलेला नाही, तर आजीवर पडणारा प्रकाश मोजला जातो. त्यामुळे साडी पांढरी आहे की काळी, याचा प्रश्नच येत नाही.

अँड्रॉइड फोनच्या पुढच्या बाजूला ब्राइटनेससाठी प्रकाश-सेन्सर असतो. त्याचं रीडिंग ॲपला लक्समध्ये मिळतं. असं लाइट मीटर ॲप घ्या, आजीच्या चेहऱ्याजवळ जा आणि फोनची स्क्रीन कॅमेरा असेल त्या बाजूला करा. आयफोनवर साध्या ॲपला हे रीडिंग मिळत नाही. तिथली ॲप्स कॅमेऱ्यातूनच मोजतात, म्हणजे पुन्हा परावर्तित मोजणी.

समजा ३२० लक्स आले. आयएसओ १०० ला हे साधारण ईव्ही ७ होतं. फोनचं ॲपर्चर बहुतेक वेळा बदलता येत नाही. ते एफ/१.८ असेल तर शटर येईल अंदाजे १/४० सेकंद. हात हलत असेल तर आयएसओ ४०० करा, शटर १/१६० होईल. आयएसओ दोन स्टॉप वाढवला, तर शटरचा वेळ दोन स्टॉप कमी केला. हिशोब बरोबर! फोनचा सेन्सर थोडा इकडे-तिकडे दाखवू शकतो. एकदा उन्हात तपासून घ्या. दुपारच्या स्वच्छ उन्हात रीडिंग ८०,००० लक्सच्या आसपास यायला हवं.

आजोबांचा फिल्म कॅमेरा कपाटातून बाहेर काढला असेल, तर हे आणखी महत्त्वाचं. तिथे स्क्रीनवर बघून दुरुस्ती करता येत नाही, आणि रोल महाग आहे. मीटर नसेल तर जुना नियम वापरा. स्वच्छ उन्हात एफ/१६ आणि शटर म्हणजे १ भागिले आयएसओ. आयएसओ १०० च्या फिल्मला १/१००, कॅमेऱ्यावर तो आकडा नसेल तर जवळचा १/१२५.

यात चेहऱ्याचा काय संबंध?

खूप आहे. सावळ्या चेहऱ्यावर स्पॉट मीटरिंग केलं, तर मीटर त्यालाही राखाडीकडे ओढतो, म्हणजे आहे त्यापेक्षा उजळ करतो. उजळ त्वचा असेल तर उलट गडद. मीटरच्या लेखी सगळ्यांचा रंग एकच! पडणारा प्रकाश मोजलात तर ज्याचा जो रंग आहे, तोच फोटोत येतो. ॲप नसेल तर तळहात वापरा. तळहाताचा रंग माणसागणिक तुलनेने कमी बदलतो आणि तो मधल्या राखाडीपेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो. माणूस उभा आहे त्याच प्रकाशात तळहात धरा, त्यावर मीटरिंग करा आणि ईव्ही +१ करून लॉक करा.

एवढं करूनही आजीमागे उघडी खिडकी असेल, तर चेहरा नीट आल्यावर खिडकी पांढरीफेक होऊ शकते. तिथे काय वाचवायचं ते मीटर ठरवत नाही, तुम्ही ठरवता. मी तरी चेहरा निवडेन, किंवा आजीला सरळ खिडकीकडे तोंड करून बसवेन.