माज साइड पाइपचा!

1965ची शेव्हरोले कॉर्व्हेट पाहिलीय? दाराखालून धावणारे ते साइड पाइप म्हणजे, बॉस, निव्वळ माज! अमेरिकेतले कित्येक हौशी मालक बाहेरून घेतलेले पाइप बसवतात. त्यात मफलर इन्सर्ट सरकवलेला असतो : भोकाभोकांची नळी, भोवती ग्लासवूल. उष्णतेनं ते जळून उडालं, की गुरगुरणारी गाडी चक्क किंचाळते. शेजारच्या सीटवरच्या मैत्रिणीशी गप्पा? विसरा! मग बोल्ट काढून इन्सर्ट ओढायचा. पण गंजलेला असेल तर हलेल तर शपथ. तेल मारून रात्रभर मुरू द्यावं लागतं. माझं विचाराल तर अगदीच गप्प करणारा इन्सर्ट नको, मग हा थाट कशाला? नवा घेताना व्यास-लांबी मोजा. आणि पाइप थंड होऊ द्या, पोटरी चांगलीच भाजते.