हाडं म्हणजे नुसता चुना नव्हे!

पन्नाशीच्या आसपासच्या चार बायका एकत्र आल्या, की बोलणं सुनेवरून सुरू होवो नाहीतर भाजीच्या भावावरून, शेवटी ते गुडघ्यांवर आणि कमरेवर येतंच! आमचं उरणही त्याला अपवाद नाही. करंज्याच्या बंदरावर मासळीच्या पाट्या उचलणारी कोळीण असो, वाकून भातलावणी करणारी आगरी बाई असो, की ब्लॉकमध्ये राहणारी गृहिणी, दुखणं तेच. बचत गटाच्या बैठकीत अलीकडे हमखास येणारा प्रश्न म्हणजे, ‘ताई, कॅल्शियमच्या गोळ्या चालूच आहेत. आता जाहिरातीतली कोलॅजनची पावडर घेतली, तर हाडं भरतील का हो?’

मैत्रिणींनो, याचं उत्तर द्यायचं तर हाड कशाचं बनतं, तिथून सुरुवात करायला हवी. एक सोपा प्रयोग करा. कोंबडीचं स्वच्छ केलेलं हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. त्यातला कॅल्शियमचा भाग विरघळतो आणि हाड रबरासारखं वाकतं! उरतो तो प्रथिनांचा सांगाडा. उलट चुलीत जळालेलं हाड बघा. आकार तसाच, पण बोटाने दाबलं की भुगा. कारण प्रथिनं जळून गेली, राहिला फक्त चुना. म्हणजे कॅल्शियम हाडाला कडकपणा देतं आणि प्रथिनं चिवटपणा.

या प्रथिनांत सुमारे ९० टक्के वाटा कोलॅजनचा. त्याची रचना आपल्या तिपेडी वेणीसारखी, तीन धागे एकमेकांत पिळलेले. ही रचना जगापुढे मांडली ती १९५४ साली मद्रास विद्यापीठातल्या जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था या आपल्याच शास्त्रज्ञांनी. याशिवाय ऑस्टिओकॅल्सिन, ऑस्टिओनेक्टिन अशी थोड्या प्रमाणातली, पण महत्त्वाची प्रथिनंही हाडात असतात.

ही प्रथिनं तयार कशी होतात, ते जिवंत माणसाच्या हाडात डोकावून बघता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञ हाडाच्या पेशी प्रयोगशाळेत बशीत वाढवतात. १९७३ साली हाडाच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका ११ वर्षांच्या मुलीच्या गाठीतून घेतलेल्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या जातात. पेशी आपली प्रथिनं भोवतालच्या द्रवात सोडतात. तो द्रव बारीक मण्यांनी भरलेल्या उभ्या नळीतून सोडला, की प्रथिनं कमी-जास्त वेगाने खाली येतात आणि वेगवेगळी गोळा करता येतात. पेशींच्या अन्नातल्या एखाद्या घटकाला किरणोत्सर्गाची खूण करून ठेवली, तर तो कुठल्या प्रथिनात गेला, ते किती दिवस टिकलं, कधी मोडलं, हेही कळतं.

अशाच अभ्यासातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. बशीत ‘क’ जीवनसत्त्व घातलं नाही, तर पेशींना धड कोलॅजन विणता येत नाही! ती वेणी घट्ट बसायला ‘क’ जीवनसत्त्व लागतंच. म्हणजे हाडांसाठी दुधाइतकंच लक्ष आवळा, पेरू, लिंबाकडेही हवं.

दुसरी गोष्ट, हाड एकदा बांधलं की संपलं, असं नाही. काही पेशी गवंड्यासारखं बांधकाम करतात, काही जुनं पाडतात. मोठ्या माणसाच्या शरीरातलं साधारण १० टक्के हाड दरवर्षी नवं होतं. पाळी जाताना इस्ट्रोजेन कमी होतं, पाडणाऱ्यांचा जोर वाढतो आणि बांधणारे मागे पडतात. हाच तो ऑस्टिओपोरोसिस. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. मोहन वाणी यांच्या गटाने या पाडणाऱ्या पेशींवर बरंच काम केलं आहे. इंटरल्युकिन-३ हे प्रथिन अशा पेशी तयार होण्यालाच अटकाव करतं, असं त्यांनी उंदरांच्या पेशींवर दाखवलं, ते २००३ साली. अशा संशोधनातून लगेच गोळी निघत नाही, पण औषध नेमकं कुठे शोधायचं ती दिशा मिळते.

आता त्या पावडरीचं. पोटात गेलेलं कोलॅजन तसंच्या तसं हाडात जाऊन बसत नाही. डाळ, अंडी, मासळीतल्या प्रथिनांसारखेच त्याचेही पचनात तुकडे होतात आणि ते कुठे वापरायचे ते शरीर ठरवतं. मग महागडा डबा आणण्यापेक्षा घरात सर्वांचं वाढून झाल्यावर उरलेल्या आमटीवर भागवणं आधी बंद करा! नाचणी, तीळ, डाळी, काट्यांसकट खाता येणारी बारीक मासळी हे सगळं आपल्याच बाजारात मिळतं. सुकी मासळी मात्र खारट, रक्तदाब असेल तर बेताने. थोडं ऊन हवं आणि चालणंही हवं, कारण भार पडला की बांधणाऱ्या पेशी कामाला लागतात. डॉक्टरांनी दिलेली गोळी मात्र मनाने बंद करू नका.

शिबिरात टाचेवर होणारी तपासणी ही फक्त चाळणी. पाळी गेल्यावर साध्या पडण्याने मनगट मोडलं असेल, कमी वयात गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले असतील, किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या बरेच महिने चालू असतील, तर ‘मला डेक्सा तपासणीची गरज आहे का?’ असं डॉक्टरांना स्वतःहून विचारा. प्लास्टर निघालं म्हणजे प्रश्न मिटला, असं समजू नका.