हात कोणाचा?

बोईसरमध्ये मला ‘रंगवाले काका’ म्हणतात आणि त्यातून एक गैरसमज पसरला आहे. तारापूर एमआयडीसीतल्या एका पिगमेंटच्या कारखान्यात मी निवृत्तीपर्यंत क्यूसी लॅबमध्ये होतो. लॉट तयार झाला की नमुना काढायचा, स्टँडर्डशी ताडून शेड बघायची आणि पास, फेल किंवा होल्डचा शिक्का मारायचा, हे माझं काम. लोकांचा हिशेब असा की याला रंगातलं कळतं, म्हणजे चित्रातलंही कळणार. कोणी लेकीच्या घरासाठी वारली चित्र घेतलेलं असतं. कोणाला एखाद्या दुकानदाराने ‘हे खुद्द जिव्या सोमा म्हशांच्या हातचं’ असं सांगून चढ्या भावाने विकलेलं असतं. मग फ्रेमसकट चित्र माझ्या टेबलावर येतं. काका, ओरिजिनल आहे का तेवढं बघा ना!

माझं उत्तर कोणालाच आवडत नाही. प्रयोगशाळा चित्राला नापास करू शकते, पास करू शकत नाही.

नापास कसं करते ते आधी सांगतो, कारण तो भाग माझ्या जिव्हाळ्याचा आहे. प्रत्येक रंगद्रव्याला जन्मसाल असतं. आमच्या धंद्यात ज्याला बीटा ब्लू म्हणतात त्या कुळातला निळा बाजारात आला १९३५च्या सुमारास. त्यामुळे १९२० सालची तारीख असलेल्या चित्रात तो मूळ रंगातच सापडला, तर पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. जर्मनीतला वोल्फगांग बेल्ट्राकी असाच सापडला. हा गृहस्थ जुन्या नामवंतांच्या शैलीत नवी चित्रं काढायचा आणि बायकोच्या आजोबांच्या संग्रहातली म्हणून विकायचा. त्याने काढलेलं आणि हाइनरिश काम्पेन्डोंकचं १९१४ सालचं म्हणून खपवलेलं एक चित्र २००६ मध्ये कोलोनच्या लिलावात २८ लाख युरोंच्या वर गेलं. नंतर तपासणीत त्यात टायटॅनियम व्हाइट निघाला. १९१४ मध्ये चित्रकारांच्या रंगपेटीत हा पांढरा नव्हताच. बेल्ट्राकीने पांढरा म्हणून झिंक व्हाइटची तयार ट्यूब वापरली होती. तिच्यात टायटॅनियम मिसळलेलं होतं आणि लेबलवर त्याचा उल्लेख नव्हता. २०११ मध्ये त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. लेबलवर पूर्ण घटक न लिहिणाऱ्या रंगवाल्याने जगात एकदा तरी न्यायाला मदत केली, म्हणायचं.

दुसरी तपासणी आम्हा तारापूरकरांना ऐकायला गमतीची वाटेल. १९५० आणि ६०च्या दशकांत मोठ्या देशांनी उघड्यावर अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या. त्यामुळे हवेतल्या कार्बन-१४चं प्रमाण जवळपास दुप्पट झालं. (आपल्या अणुवीज केंद्राचा याच्याशी काही संबंध नाही. शेजारी राहतो म्हणून सांगून ठेवलेलं बरं.) त्या काळात उगवलेल्या कापसात आणि जवसाच्या धाग्यात तो जादा कार्बन शिरला आणि त्यापासून विणलेल्या कॅनव्हासमध्येही. व्हेनिसच्या पेगी गुगेनहाइम संग्रहात फर्नां लेजेचं म्हणून एक चित्र होतं आणि त्याबद्दल कित्येक वर्षं शंका घेतली जात होती. इटालियन शास्त्रज्ञांनी त्या कॅनव्हासचा बारीकसा तुकडा मोजला. २०१४ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला की कापड १९५९ नंतरचं आहे. लेजे वारला १९५५ मध्ये.

पण समजा ते कापड लेजेच्या काळातलंच निघालं असतं, तर? तर एवढंच कळलं असतं की कापड जुनं आहे. जुनं कापड जुन्या बाजारात मिळतं. ‘होय, हे त्याचंच’ हे यंत्राच्या कागदावर कधीच उमटत नाही. ते म्हणतो तज्ज्ञाचा डोळा. आणि चित्र कोणाकडून कोणाकडे गेलं याची पावती, पत्रं, कॅटलॉग त्या डोळ्याला आधार देतात.

या आधाराचीच मला जास्त भीती वाटते. जानेवारी २००९ मध्ये सय्यद हैदर रझा दिल्लीच्या धूमिमल गॅलरीत स्वतःच्याच चित्रांच्या प्रदर्शनाला गेले. भिंतींवर नजर टाकली आणि त्यांच्या लक्षात आलं, की यातली बहुतेक आपली नाहीतच. प्रदर्शन गुंडाळावं लागलं. रझा तेव्हा हयात होते आणि स्वतः तिथे आले, म्हणून एवढ्यावर निभावलं. नाहीतर तीच चित्रं ‘अमुक गॅलरीत २००९ मध्ये प्रदर्शित’ एवढ्या एका ओळीवर पुढच्या लिलावात उभी राहिली असती. खोटं चित्र एकदा छापील कॅटलॉगमध्ये शिरलं, की पुढे तो कॅटलॉगच त्याचा पुरावा होतो. २०११ मध्ये कोलकात्याच्या सरकारी कला महाविद्यालयात रवींद्रनाथ ठाकुरांची म्हणून चित्रं मांडली गेली आणि नंतर पुरातत्त्व खात्याने ती बनावट ठरवली. तिथे तर भिंतच सरकारी होती. सामान्य गिऱ्हाइकाने आणखी कोणावर विश्वास ठेवायचा?

तज्ज्ञ मुद्दाम खोटं बोलतात असं माझं म्हणणं नाही. पण शिक्का मारणाऱ्याचा पगार कुठून येतो हे विचारावंच. कारखान्यात लॅब प्रॉडक्शनच्या हाताखाली ठेवत नाहीत. ठेवली, तर महिनाअखेरीला डिस्पॅचच्या घाईत सगळेच लॉट पास होतील. चित्रांच्या बाजारात ‘खरं’ म्हणणाऱ्याला विकणारा, घेणारा, लिलाव करणारा असे सगळेच दुवा देतात. ‘खोटं’ म्हणणाऱ्याला मात्र वकिलाची नोटीस येते. अमेरिकेत अँडी वॉरहॉलच्या चित्रांचा निवाडा देणारं एक मंडळच होतं. कोर्टकज्ज्यांच्या खर्चाला कंटाळून ते बंद करत असल्याचं २०११ मध्ये जाहीर झालं. हल्ली जाणकार खासगीत मान हलवतात आणि लेखी काही देत नाहीत, त्याचं कारण यात आहे.

आता आपल्या पालघरकडे येऊ. इथे माझं शास्त्र दारातच थांबतं.

डहाणू रोडला उतरून पूर्वेला गेलं की गंजाड. तिथल्या कळंबीपाड्यावर जिव्या सोमा म्हसे राहायचे. जन्म १९३४चा. आई लहानपणीच गेली, पोर बोलायचं थांबलं आणि मातीत रेघोट्या ओढून सांगू लागलं, असं त्यांच्याबद्दल सांगतात. वारली लग्नात भिंतीवर चौक लिहायचा तो सवाशिणींनी. पुरुषाचं ते काम नव्हे. म्हशांनी ती रीत मोडली आणि लग्न नसतानाही, रोज, चित्रं काढली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे मराठी चित्रकार या पाड्यांवर फिरत होते. दुष्काळात मधुबनीच्या बायकांच्या हाती कागद देणारेही तेच. त्यांनी इकडेही कागद आणला. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत म्हशांची चित्रं लागली, १९८९ मध्ये पॅरिसच्या पोंपिदू केंद्रातल्या गाजलेल्या प्रदर्शनात पोचली. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. १५ मे २०१८ रोजी ते गेले. चित्रकार गेला की एका गोष्टीची खात्री होते: नवीन चित्रं यायची थांबली. आणि बाजारात नेमकी तेव्हाच ती यायला लागतात.

असं एखादं चित्र माझ्यापुढे ठेवलं, तर मी काय तपासू? पारंपरिक साहित्य म्हणजे कारवीच्या कुडावर शेण-मातीचा लेप, त्यावर गेरू आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा. पण म्हशांच्या कॅनव्हासवर शेणाच्या लेपावर चक्क ॲक्रिलिकचा पांढरा असतो. त्यामुळे टायटॅनियम सापडलं तरी काही सिद्ध होत नाही. खरं चित्र आणि खोटं चित्र दोन्ही एकाच काळातली, कदाचित डहाणूच्या एकाच दुकानातून आणलेल्या एकाच बाटलीतली. शेण तर शेणच. माझी सगळी उपकरणं इथे मुकी होतात.

एका बाबतीत मात्र उपकरणं लागतच नाहीत. ‘शंभर वर्षांपूर्वीचं, कापडावरचं वारली’ म्हणून कोणी काही दाखवलं, तर हात जोडून उठावं. चौक भिंतीवर असायचा आणि पुढच्या सारवणात जायचा. कागदावरचं, कापडावरचं, विकायचं वारली चित्र सत्तरच्या दशकापासूनचं.

आणि सहीचं काय? चौक तीन-चार सवाशिणी मिळून लिहितात. त्यावर कोण सही करणार? सही आली ती कागदाबरोबर आणि गिऱ्हाइकाबरोबर. आजही वारली चित्रकाराच्या घरी मोठं काम आलं, तर एकाने आकृत्या मांडाव्यात आणि मुलांनी, सुनांनी ठिपके भरावेत, यात कोणाला वावगं वाटत नाही. हा पेच फक्त आपल्याकडचा नाही. रेम्ब्रांटच्या कारखान्यात शिष्य त्याच्यासारखंच काढायचे. हॉलंडमधल्या संशोधकांनी १९६८ पासून त्याची चित्रं पुन्हा तपासायला घेतली आणि कितीतरी चित्रं त्याच्या नावावरून उतरली. बर्लिनमधला ‘सोनेरी शिरस्त्राण घातलेला माणूस’ हाही त्यात गेला. ते चित्र खोटं ठरलं नाही. दुसऱ्या कोणाचं तरी ठरलं. वारलीच्या बाबतीत मी तेच म्हणतो. बापाच्या नावावर विकलेलं मुलाचं चित्र नकली वारली नव्हे. खोटी असते ती पावती.

मग वारलीतलं कळतं कोणाला? आमच्या प्लांटमध्ये नागझरीकडच्या एका पाड्यावरचा हेल्पर होता. त्याची आई एकदा कंपनीच्या दवाखान्यात आली आणि तिथल्या भिंतीवरचं वारली नक्षीचं कॅलेंडर बघत बसली. छपाई झकास होती. मध्ये चौक, भोवती नाचणारी माणसं, झाडं, मोर. म्हातारी लग्नांत विधीची गाणी म्हणणारी धवलेरी म्हणून बसलेली. तिने मुलाला एवढंच विचारलं, की चौकात देवी कुठे आहे? चौक होता, पण पालघाट नव्हती. पाच शिरांचा देव पंचशिऱ्याही नव्हता. जिच्यासाठी चौक लिहायचा, तीच आत नाही. त्यानंतर मीही बघायला लागलो. कपांवर, बेडशीटवर, सोसायट्यांच्या कंपाउंडवर तारपा नाचाचं बहुतेक बंद वर्तुळ काढलेलं असतं. प्रत्यक्षात ती रांग असते. तिला तोंड असतं आणि शेपूट असतं, आणि ती तारपा वाजवणाऱ्याभोवती गुंडाळत जाते. ज्याने नाच पाहिलेला नाही, त्याचा हात वर्तुळ पुरं करून मोकळा होतो.

अशा बाईला कोणी तज्ज्ञ म्हणून बोलावत नाही. कायद्याला मात्र तिचं वावडं नसावं. जुन्या पुरावा कायद्याचं ४५वं कलम तज्ज्ञाच्या मताबद्दल होतं; ४७वं सांगत होतं, की ज्याने एखाद्याला लिहिताना पाहिलं आहे किंवा ज्याला त्याचं अक्षर ओळखीचं आहे, त्याचं मतही हस्ताक्षराच्या प्रश्नात ग्राह्य आहे. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम आला, त्यातही ही तरतूद आहे. पेढीवरच्या कारकुनाला मालकाची सही ओळखायला पदवी लागत नाही. मग ज्या शेजाऱ्याने वर्षानुवर्षं माणसाला ओसरीवर बसून काडीने ठिपके देताना पाहिलं, त्याला हात ओळखू येणार नाही का? कलम हस्ताक्षरापुरतं आहे हे मला ठाऊक आहे. पण चित्रांच्या बाजाराने ही रीत घ्यायला कोणी अडवलेलं नाही. आदिवासी चित्रकाराच्या सगळ्या कामांची छायाचित्रांसह सूची क्वचितच होते. ती करायची, तर पाड्यावरच्या माणसांना, घरातल्या बायकांना शेजारी बसवून करावी लागेल. निदान या बाबतीत आमच्या लॅबसारखं काम व्हावं. निर्विवाद नमुना आधी कपाटात ठेवायचा आणि मग पुढचे लॉट त्याच्याशी ताडायचे.

लॅब आणि तज्ज्ञ यांच्यानंतर तिसरा शिक्का आहे जीआयचा. आदिवासी संस्थेच्या खटपटीने २०१४ मध्ये वारली चित्रकलेची भौगोलिक मानांकनात नोंद झाली. लोक समजतात, की जीआय म्हणजे अस्सलपणाचं सर्टिफिकेट. तसं ते आहेही, पण ते हाताबद्दल बोलत नाही. ते सांगतं, की हे या मुलखातल्या, ही कला चालवणाऱ्या लोकांकडून आलं आहे. अधिकृत वापरकर्ता म्हणून ज्याची नोंद आहे त्यालाच ते नाव लावता येतं. खोटं मानांकन लावलं, तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान ५० हजार रुपये दंड. बेडशीट छापणाऱ्याला याने चाप बसू शकतो, अर्थात कोणी तक्रार नेटाने लावून धरली तर. ‘हे म्हशांचं की दुसऱ्या कोणाचं’ या प्रश्नाला जीआय हात लावत नाही.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्याला मी आधी विचारतो, तुम्हाला नेमकं काय खरं हवं आहे? रंग आणि कापड कोणत्या काळातलं ते हवं असेल, तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा चित्रसंवर्धन विभाग आहे, लखनौची राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा आहे. वारली चित्र वारल्याकडूनच हवं असेल, तर दुकान कशाला, गंजाडला जा. लिहिणारे घरीच भेटतात आणि चहाही मिळतो. आणि मोठ्या नावाचाच हात हवा असेल, तर विकणाऱ्याकडून लेखी घ्या: कोणी, कधी, कुठे विकत घेतलं, मधले मालक कोण. तो तोंडी शपथ घेऊन लेखी द्यायला कचरत असेल, तर किंमत नावाची देऊ नका, चित्राची द्या.

नवं चित्र घेतलं असेल, तर फ्रेम करण्याआधी काढणाऱ्याचं नाव, पाडा, तारीख आणि मोजलेली रक्कम मागच्या बाजूला त्याच्याकडूनच लिहून घ्या आणि चित्रासोबत त्याचा फोटो काढून ठेवा. लिहायला साधी शिसपेन्सिल वापरा. बॉलपेनची शाई काही वर्षांत कागदातून पुढे उतरते. ग्राफाइट ऊन-पाण्याला दाद देत नाही, हे मी लॅबवाला म्हणून सांगतो.