आयन म्हणजे ठिपका नव्हे

'सरासरी क्षेत्राचा सिद्धांत पातळ द्रावणापुरताच, दाट द्रावणात तो कोलमडतो.' कोलमडतो हे खरं, पण खापर बरेचदा भलत्याच गृहीतकावर फोडलं जातं.

लुई गूई (१९१०) आणि डेव्हिड चॅपमन (१९१३) यांनी मानलं, की आयनाला शेजाऱ्यांची एकेकट्याची ओढाताण जाणवत नाही, सगळ्यांचं मिळून सरासरी विभव जाणवतं. हे झालं सरासरी क्षेत्र. सोबत आणखी एक गृहीतक आलं: आयनाला आकारच नाही. ही दोन वेगळी गृहीतकं आहेत.

हिशेबच करा. लिटरला ०.१ मोल मीठ, इलेक्ट्रोड आणि द्रावणात अर्ध्या व्होल्टचा फरक. खोलीच्या तापमानाला दर २५.७ मिलिव्होल्टमागे विरुद्ध प्रभाराचे आयन २.७ पट दाटतात. पृष्ठभागाशी निघतात लिटरला पावणेतीन कोटींहून अधिक मोल! मिठाच्या खड्यातसुद्धा सोडियम लिटरला ३७ मोलच्या आसपासच असतो. हा गोंधळ ठिपक्याचा. बिकरमन यांनी १९४२ मध्ये आयनांना जागा व्यापू दिली, सरासरी क्षेत्र तसंच ठेवलं, आणि आकडे ताळ्यावर आले.

मग आकार कुठला घ्यायचा? स्फटिकातला तरी नक्कीच नाही. तिथे लिथियम सोडियमहून लहान. पाण्यात मात्र तो पाण्याचे रेणू इतके घट्ट धरून असतो, की सोडियम आणि पोटॅशियमपेक्षाही हळू सरकतो.

सगळ्यात चिवट गैरसमज वेगळाच: समान प्रभाराचे पृष्ठभाग एकमेकांकडे ओढले गेले, की सरासरी क्षेत्र निकालात निघालं. आयन ठिपके असतील तर हा सिद्धांत अशा पृष्ठभागांत ओढ दाखवूच शकत नाही, हे १९९९ मध्ये गणिताने सिद्ध झालंय. पण स्पर्मिन हा आयन पाहा. लांबट साखळीवर चार धन प्रभार, आणि डीएनएचे ऋण धागे त्याच्या संगतीत गुंडाळी करतात. बोहिंक, इग्लिच आणि मे यांनी २००४ मध्ये दोन टोकांना एकेक प्रभार असलेल्या काडीसारख्या आयनाचा हिशेब मांडला. काड्यांची आपसातली ओढाताण सरासरीच, फक्त एका काडीवरचे दोन प्रभार एकमेकांना बांधलेले. काडी पुरेशी लांब आणि पृष्ठभाग पुरेसे प्रभारित असले, की एक टोक इकडे, दुसरं तिकडे चिकटतं, आणि ओढ निर्माण होते. सरासरी क्षेत्र न सोडता!

अर्थात सगळीकडे हे चालत नाही. कोबाल्ट हेक्झअमाइन हा तीन धन प्रभारांचा आटोपशीर, गोलसर आयनही डीएनए गुंडाळतो. त्याला पूल बांधण्याइतकी लांबी नाही. तिथे शेजारच्या आयनांची एकेकट्याची ओढाताण मोजावीच लागते.