वीस वर्षांनी फाइल उघडेल का?

बेंगळुरूजवळच्या होसकोट्यात व्होल्वोच्या कारखान्यात १९९८पासून ट्रक बांधले जातात. ट्रक पंधरा-वीस वर्षं सहज धावतो. एखाद्या ट्रकचा आराखडा ज्या सॉफ्टवेअरमध्ये काढला, ते तेवढं टिकेलच असं नाही. नवी आवृत्ती जुनी फाइल बहुधा उघडते, उलटं मात्र क्वचितच घडतं. एअरबसच्या ए३८० विमानाची आखणी करताना हॅम्बुर्गमध्ये कॅटिया सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती होती, तुलूझमध्ये पाचवी. वायरिंग जुळेना, आणि २००६मध्ये विमानं ग्राहकांना मिळणं लांबलं.

यावरचा एक भक्कम उपाय म्हणजे १९९४मध्ये आलेलं ‘स्टेप’, अर्थात आयएसओ १०३०३ हे मानक. त्याची नेहमीची फाइल साधा मजकूर असते. नोटपॅडमध्ये उघडा, बिंदूंचे अंक, वक्र, पृष्ठभाग ओळीओळीने दिसतात. कंपनी बंद पडली तरी मानक वाचून कुणीही ती उलगडू शकतं. मला हे फार मोलाचं वाटतं.

पण मूळ फाइलचं स्टेपमध्ये रूपांतर करताना काही गोष्टी हातच्या जातात. भोक ८ मिलिमीटरचं आहे, एवढं उरतं; ते पत्र्याच्या जाडीच्या दुप्पट ठेवायचं, हे डिझायनरने बांधलेलं नातं सहसा गळून पडतं. म्हणून मूळ फाइलही जपायची. रूपांतर झाल्यावर दोन्हींचं घनफळ, पृष्ठफळ आणि गुरुत्वमध्य ताडून पाहायचे. एखादा पृष्ठभाग निसटला असेल तर तो बहुधा तिथेच पकडला जातो.